आजोबांची पद्मिनी घरीच उभी करायची असेल तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. आजोबांची १९७९ची प्रीमियर पद्मिनी. बारा वर्षं कोथरूडच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. इंजिन जाम, ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं, डाव्या दारांखालचा पत्रा गंजाने खाल्लाय. तुमच्याकडे शनिवार-रविवार आहेत, हाताला थोडीफार सवय आहे आणि गाडी नट-बोल्टपर्यंत उघडून ‘शोरूममधून आली तशी’ करायची इच्छा आहे. खर्च किती येईल, वेळ किती लागेल आणि सुरुवात इंजिनपासून करू की रंगापासून, असं तुम्ही विचारलंय. शेवटी जाता जाता लिहिलंय, की आजी ८६ वर्षांच्या आहेत आणि त्यांना या गाडीत बसवून एकदा तळ्यातल्या गणपतीला न्यायचंय.

माझ्या मते सगळं उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. शोरूमसारखी गाडी आणि आजींना घेऊन जाणारी गाडी, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला चार-पाच वर्षं सहज लागतात. दुसरं, पत्रा फार वाईट नसेल तर, येत्या वर्षभरात होऊ शकतं. आणि दुसरं आधी केलं तर पहिलं नंतर करता येतं. उलट केलं तर बहुतेक वेळा दोन्ही होत नाहीत.

म्हणून तुम्ही विचारलं नाहीत तेच आधी सांगतो: गाडी पूर्ण मोडू नका. ती ढकलता येणार नाही, स्टिअरिंग वळणार नाही, अशा अवस्थेत आठवड्याच्या वर ठेवू नका.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझं आयुष्य टूलरूममध्ये गेलं, ३१ वर्षं. घरी मी तीन गाड्या हाताळल्या, एक स्टँडर्ड हेरल्ड आणि दोन पद्मिनी. हेरल्ड पहिली, १९९६ साली. उत्साह इतका होता की महिन्याभरात ती पूर्ण उघडली. इंजिन एका कोपऱ्यात, गिअरबॉक्स दुसऱ्या, काचा माळ्यावर, नट-बोल्ट गोणपाटाच्या पोत्यांत. उघडायला चार रविवार लागले. त्यानंतर मुलीची दहावी आली, वडिलांचं आजारपण आलं, आम्ही घर बदललं. सात वर्षांनी पोती उघडली तेव्हा कुठला बोल्ट कुठला, हे मला आठवत नव्हतं. हेरल्डला स्वतंत्र चासी असते, ती एका माणसाने नेली, बॉडी पत्र्याच्या भावात गेली. ती गाडी आमच्याकडे आली तेव्हा चालत होती. चालती गाडी माझ्या हातून भंगारात गेली, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच एवढं लांब उत्तर लिहायला बसलोय.

घरचं काम अडतं ते कौशल्यामुळे नाही. नट सोडवणं सगळ्यांना जमतं. काम अडतं ते मध्ये खंड पडल्यावर. संसारात खंड पडणारच. गाडी चाकांवर उभी असेल तर सहा महिन्यांनी तुम्ही परत तिच्याकडे जाता. सुट्या भागांचा ढीग असेल तर त्याच्याकडे बघायलाही नको वाटतं.

पद्मिनीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. तिला वेगळी चासी नाही. बॉडी हाच तिचा सांगाडा. तळाचा पत्रा, दारांखालचा पोकळ उंबरा, ज्याला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, आणि दारांमधले खांब मिळून गाडीचं सगळं वजन पेलतात. दारं, काचा, सीट काढून आणि उंबरे कापून ती चार विटांवर वर्षभर ठेवली, तर ती मधून हळूहळू बसते. मग नवीन उंबरा लागतो, पण दार काही लागत नाही.

आणि कोथरूडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तुम्हाला वेल्डिंग करता येणार नाही, करूही नये. बाजूला पेट्रोलच्या टाक्या असलेल्या चाळीस गाड्या उभ्या असतात. रंगही तिथे नाही, त्याचं कारण पुढे येईल. म्हणजे पत्र्यासाठी आणि रंगासाठी गाडी बाहेर जाणार आणि परत येणार. जी गाडी चाकांवर ढकलता येत नाही ती क्रेनने उचलून न्यावी लागते, आणि डेंटरच्या, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याच्या, अंगणात एकदा अशी गाडी पडली की ती सगळ्यात मागे सरकते. स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या ब्रेकवर आलेल्या गाडीकडे डेंटरही वेगळ्या नजरेने बघतो.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. मुख्य म्हणजे गंज. फ्रिजवर लावतो तसं एक चपटं लोहचुंबक घ्या, मऊ कापडात गुंडाळा आणि दारांखालून, चाकांच्या कमानीवरून, पुढच्या काचेच्या रबराखालून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग आत बसून पायाखालचं मॅटिंग उचला आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने तळ टोचा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि बॅटरीखाली बघा. सगळ्यात महत्त्वाचं, जॅक लावायच्या जागा आणि मागचे पाटे (लांब पट्ट्यांच्या स्प्रिंगा) जिथे बॉडीला जोडलेत त्या जागा. तिथे स्क्रू ड्रायव्हर आत गेला, तर पत्र्याचं काम आजींच्या फेरीआधी करावं लागेल. फक्त तळाला भोकं असतील आणि उंबऱ्याची बाहेरची कातडी गेली असेल, तर ते नंतर केलं तरी चालतं. हा एक तपास दीड तासाचा आहे आणि वेळ-खर्चाचा निम्मा अंदाज त्यातूनच येतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रं. गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर हातात पाना घेण्याआधी हे काम सुरू करा. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला ३१ नंबरचा फॉर्म, १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाला २५ नंबरचा. नूतनीकरण ५ वर्षांसाठी होतं आणि त्यासाठी गाडीची तपासणी होते, म्हणून नावाचं काम आधी, नूतनीकरण गाडी चालू झाल्यावर. जुन्या गाड्यांचं शुल्क अलीकडे चांगलंच वाढलंय आणि पर्यावरण कर वेगळा, तो हिशेब धरून ठेवा. वयावरून सरसकट बंदी आपल्याकडे नाही. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर तो जपा, मात्र त्यावर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागेल. चासी नंबर आणि इंजिन नंबर घासून स्वच्छ करा, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसी पुस्तकाशी ताडून बघा. गेल्या चाळीस वर्षांत कोणी इंजिन बदललं असेल आणि नोंद केली नसेल, तर ते आज कळलेलं बरं.

विंटेज नोंदणीबद्दल तुम्हाला कोणीतरी सांगेलच. २०२१च्या जुलैत केंद्राने त्याचे नियम आणले: पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, नोंदणी १० वर्षांची, शुल्क २०,००० रुपये. तुमची गाडी त्यात २०२९ साली बसेल. पण तो नंबर घेतल्यावर गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. तुम्हाला रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जायचं असेल, तर साधी नोंदणीच ठेवा.

आता काम. माझ्या दोन्ही पद्मिनींची सुरुवात मी ब्रेकपासून केली. इंजिनपासून करावंसं वाटतं, कारण इंजिन सुरू झालं की घरच्यांना काहीतरी झाल्यासारखं दिसतं. पण इंजिन चालू आणि ब्रेक नाहीत, अशी गाडी पार्किंगमध्ये असणं ही सगळ्यात धोकादायक अवस्था. कोणीतरी हौसेने पहिला गिअर टाकतोच.

एका वेळी एक चाक घ्या. बाकीच्या चाकांना पुढून-मागून विटा, जॅकने उचला आणि लगेच खाली लोखंडी घोडी लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. चाकामागचा ब्रेकचा ड्रम बहुतेक निघणार नाही, कारण आतले लायनर, म्हणजे ब्रेक लावताना ड्रमवर घासणारे भाग, त्याला चिकटलेले असतात. आधी अॅडजस्टर ढिला करा, मग लाकडी ठोकळा ठेवून कडेने फिरत फिरत हलके ठोके द्या. ड्रम निघाला की आतली काळी धूळ फुंकू नका आणि हवेच्या पाइपने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. साबणाचं पाणी मारून, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

मग वरच्या बाजूला लहान अंगठ्याएवढं व्हील सिलिंडर दिसेल. त्याची रबरी टोपी सोलली की तुमचं पेडल तळाला का जातं ते कळेल. आत ब्रेक ऑइल नसतं, तपकिरी चिखल असतो, आणि त्यात पिस्टन घट्ट बसलेला असतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि बारा वर्षांत त्या पाण्याने लोखंड खाल्लेलं असतं. पिस्टन काढून सिलिंडरच्या आत करंगळीचं नख फिरवा. नख गुळगुळीत गेलं तर नवीन रबरी कप टाकून चालेल. नख कुठेही अडलं तर सिलिंडर बदला किंवा लेथवाल्याकडून आत पितळेची स्लीव्ह बसवून घ्या. खड्डा पॉलिश पेपरने घासून घालवायचा मोह होतो. मी एकदा तसं केलं आणि तीन महिन्यांत तेच चाक परत उघडलं.

लवचिक रबरी पाइप बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदलाच. ते आतून सुजतात, पेडल दाबल्यावर ऑइल पुढे जातं पण परत येत नाही आणि ब्रेक लागलेलाच राहतो. धातूच्या नळ्या सडल्या असतील तर साध्या तांब्याच्या टाकू नका, तांबं कंपनांनी कडक होऊन तडकतं. स्टीलच्या किंवा तांबं-निकेलच्या टाका. नवीन, सीलबंद डब्यातलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल भरा आणि मास्टर सिलिंडरपासून, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून, जे चाक सगळ्यात लांब आहे तिथून हवा काढत या. या गाड्यांना साधारणपणे एकच ब्रेक सर्किट असतं, म्हणजे एका चाकाला गळती झाली की चारही गेले. म्हणून हँडब्रेक नीट लागतोय याची खात्री ही चैन नाही, तो तुमचा दुसरा ब्रेक आहे.

चार चाकं, मास्टर सिलिंडर, बेअरिंगचं ग्रीस आणि नवीन टायर, याला मला दहा रविवार लागले. टायरची नक्षी शाबूत असली तरी बारा वर्षांचं रबर रस्त्यावर आणू नका.

आता जाम इंजिन. तुमचं १०८९ सीसीचं इंजिन म्हणजे १९६४च्या फियाट डिलाइटपासून चालत आलेलं तेच. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. साधं, दणकट आणि चूक केली तर माफ करणारं. जाम असण्याचं नेहमीचं कारण म्हणजे एखाद-दुसऱ्या पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात. त्याला घाई केली की रिंगा तुटतात. स्टार्टर मारून बघणं, गिअरमध्ये टाकून ढकलणं, दुसऱ्या गाडीने ओढणं, यातलं काहीही करू नका.

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा. मी डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल निम्मं-निम्मं घेतो. भोकांवर फडकं टाकून ठेवा. आठवडाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं घाला, आणि क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब दांड्याचा पाना लावून हलक्या हाताने एकदा पुढे, एकदा मागे ताण द्या. जोर नको, फक्त विचारायचं. माझ्या दुसऱ्या पद्मिनीच्या वेळी आठ दिवस काहीच झालं नाही. नवव्या संध्याकाळी पान्याखाली काहीतरी मऊ झाल्यासारखं वाटलं, ओलं लाकूड थोडं सरकावं तसं. दांडा बोटभर फिरला. मी तिथेच थांबलो, परत तेल घातलं आणि दुसऱ्या दिवशी तो पूर्ण एक फेरा फिरला. त्या फेऱ्यात चारही भोकांतून काळपट तेल वर आलं. मला आजही ते डोळ्यांपुढे दिसतं.

इंजिन फिरलं तरी लगेच सुरू करू नका. जुनं ऑइल काढा, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर उघडून गाळ पुसा, नवीन फिल्टर, २०डब्ल्यू-४० ऑइल. इंजिनच्या वरचं टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरवर तेल ओता आणि हाताने इंजिन फिरवत आठही व्हॉल्व्ह खाली-वर होतात का बघा. एखादा अडकलेला असेल तर पुशरॉड वाकतो. मग प्लग न लावता स्टार्टरने फिरवा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते, मोजा. आकड्यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक बघा. चारही जवळपास सारखे असतील तर हेड उघडू नका, बोअर-पिस्टनचं काम आज काढू नका. ‘एवढं केलंय तर इंजिनही करून टाकू’ असं सांगणारा मेकॅनिक भेटेल. गाडी ५०० किलोमीटर चालवा, मग इंजिनच सांगेल त्याला काय हवंय.

पेट्रोलची टाकी मात्र उतरवावीच लागेल. बारा वर्षांपूर्वीच्या पेट्रोलचा डिंक झालेला असतो, त्याला वार्निशसारखा वास येतो. टाकीचं काम उघड्यावर करा, जवळ बिडी नको, ग्राइंडर नको, आणि रिकाम्या टाकीला कोणालाही वेल्डिंग करू देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते, कारण आत वाफ असते. आणखी एक गोष्ट आजोबांच्या काळात नव्हती: पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते जुनं रबर फुगवतं आणि पाणी ओढून टाकी गंजवतं. त्यामुळे पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे टाका आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा बदला. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होतं. गाडी चढावर अडखळत असेल, गरम होत असेल, तर कार्बोरेटरचा मेन जेट एक साइझ मोठा टाकून बघा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, काठोकाठ भरून ठेवा.

वायरिंगचं एकच सांगतो. बॅटरी पहिल्यांदा जोडताना थेट जोडू नका. हेडलाइटचा एक जुना १२ व्होल्टचा बल्ब घ्या आणि बॅटरी व गाडी यांच्यामध्ये असा जोडा की सगळी वीज त्या बल्बमधूनच जाईल. सगळे स्विच बंद असताना बल्ब लख्ख पेटला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूज एक-एक काढत जा, बल्ब मंद होईल तिथे दोष. या दोन मिनिटांनी गाडी जळण्यापासून वाचते. उंदरांनी काय खाल्लंय ते बघायला डॅशबोर्डखाली आरसा धरा.

एवढ्यावर गाडी चालेल, थांबेल, दिवे लागतील. नूतनीकरणाची तपासणी, पीयूसी आणि इन्शुरन्स करून घ्या. पीयूसीत जुन्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, पॉइंट, टायमिंग आणि कार्बोरेटर नीट असलेली पद्मिनी ती पाळते. आता आजींना घेऊन जा. रंग उडालेला असेल, सीट फाटलेली असेल, सीटवर सोलापुरी चादर घाला. आजींना आठवत असेल ती गाडी रंगामुळे नाही, दार लावल्यावर येणाऱ्या आवाजामुळे आणि आतल्या वासामुळे. नवीन गालिचे, नवीन रेक्झिन आणि नवा रंग झाल्यावर तो वास राहत नाही. मी माझ्या आईच्या बाबतीत हा क्रम चुकवला आणि गाडी तयार झाली तेव्हा ती नव्हती.

पत्रा आणि रंग त्यानंतर. इथे पुण्याचं हवामान तुमचं वेळापत्रक ठरवतं. उघडा पत्रा जुलै-ऑगस्टमध्ये एक रात्र ठेवला तर सकाळी त्यावर केशरी झाक येते. त्यामुळे पत्रा उघडा करायचं प्रत्येक काम दिवाळीनंतर सुरू करून मेच्या मध्यापर्यंत प्रायमरखाली गेलंच पाहिजे. पावसाळ्यात टेबलावरची कामं काढा: कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, वायपरची मोटर, मीटर, काच वर-खाली करायची यंत्रणा. सीटची शिलाईही तेव्हाच.

डेंटर निवडताना त्याने रंगवलेली गाडी बघू नका, त्याच्याकडे अर्धवट उघडी असलेली गाडी बघा. उंबरा कापण्याआधी दारांच्या खांबांमध्ये लोखंडी अँगल टाकून तो सांगाडा बांधून घेतो का? एक बाजू पूर्ण करून मगच दुसरीला हात लावतो का? कापताना गाडी चाकांवर समान टेकलेली असते का? या तिन्हींचं उत्तर हो असेल तर तो माणूस धरा. सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा २० गेजचा घ्या, भवानी पेठेत मिळतो. गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं म्हणजे दोन थरांच्या मध्ये पाण्याला घर बांधून देणं. गंज कापून काढायचा, कडेला कड लावून जोडायचं. माझ्या पहिल्या पद्मिनीला एका रंगाऱ्याने मागच्या कमानीत जाळी भरून वर पुट्टी ओढली होती. दिसायला अप्रतिम. दुसऱ्या पावसाळ्यात तिथे पुरीएवढा फोड आला आणि फोडल्यावर आत मूठभर लाल भुगा निघाला. तेव्हापासून मी एकच अट घालतो: प्रायमर मारण्याआधी मला बोलवा. शब्द नको, फोटो नको, मी स्वतः हात फिरवून बघणार. उंबऱ्याच्या पोकळीत आतून मेणाचा थर फवारून घ्या आणि पाणी निघायची भोकं रंगाने बुजलेली नाहीत हे तारेने तपासा.

रंग घरी न मारण्याचं कारण आता. हल्ली वापरतात त्या दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते श्वासात गेलं तर कायमचा दमा लागू शकतो, आणि साधा कापडी किंवा कागदी मास्क त्याला अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तुमच्या पार्किंगच्या वर लोक राहतात. घासणं, मास्किंग, प्रायमरनंतरचं ओलं घासकाम तुम्ही करा, त्यात मजुरीही वाचते. फवारा बूथमध्येच.

सुट्या भागांचं काय? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे पद्मिनीचे भाग वर्षानुवर्षं बाजारात राहिले. ३० ऑक्टोबर २०२३ला शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. त्यानंतर दुकानदार संपलेला माल परत मागवत नाहीत, असं मला दिसतंय. म्हणून रबरी भाग, ब्रेकचे किट, क्लच प्लेट, पाण्याचा पंप हे मिळेल तेव्हा घेऊन ठेवा, आज लागत नसले तरी. आधी नाना पेठेत विचारा, मग मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर दाराची हँडलं, आरसे, दिव्यांच्या काचा कधी कधी हाताला लागतात. आणि मोडका भाग कधीच टाकू नका. क्रोमची पट्टी कितीही गंजली असली तरी तिच्यावरून दुसरी बनवता येते. नसलेल्या पट्टीवरून काही बनत नाही.

उघडलेला प्रत्येक बोल्ट डब्यात. आमच्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबे त्यासाठीच धुऊन ठेवतात. डब्यावर मार्करने लिहा: ‘पुढचं डावं चाक, ड्रम’, तारीख, आणि डब्यात फोनवरच्या फोटोचा नंबर लिहिलेली चिठ्ठी. एक डबा परत बसवून रिकामा झाल्याशिवाय तिसरा डबा भरायचा नाही. गाडी पूर्ण मोडू न देणारा नियम प्रत्यक्षात हाच आहे.

खर्च विचारलात. माझी दुसरी पद्मिनी २०१९ ते २०२२ या काळात झाली, वहीत एकूण २,८०,००० रुपये आहेत, माझी स्वतःची मजुरी न धरता. त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा आणि रंग. गाडी चालती करण्यापर्यंतचा भाग ७०,०००च्या आसपास होता, त्यात टायर आणि बॅटरी धरून. आज भाव वाढलेत आणि तुमच्या पत्र्याची अवस्था मला माहीत नाही, पण हे प्रमाण साधारण असंच राहील. म्हणजे तुमच्या हातात आज सगळे पैसे असायची गरज नाही.

सोसायटीच्या कमिटीला आधी सांगून ठेवा. ग्राइंडर नाही, वेल्डिंग नाही, रंग नाही, सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सात, खाली जाड प्लास्टिक अंथरणार, तेल डब्यात गोळा करणार. असं लिहून दिलंत तर बहुतेक कमिट्या हो म्हणतात. आमच्याकडे तर दुसऱ्या महिन्यापासून दोन आजोबा खुर्च्या घेऊन बघायला बसायचे, आणि त्यातल्या एकांनी कार्बोरेटर उघडताना माझी एक चूक वेळेत पकडली.

येत्या रविवारी फक्त चुंबक, स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन खाली जा. जॅक लावू नका, काही उघडू नका. जॅकच्या चारही जागा आणि मागच्या पाट्यांची दोन्ही टोकं यांचे जवळून फोटो काढा आणि इथे टाका. पत्रा आधी की ब्रेक आधी, ते त्या फोटोंवरून सांगतो. तोवर संध्याकाळी खाली जाऊन, प्लग तेवढे काढून, त्यांच्या भोकांत तेल घालायला सुरुवात करायला हरकत नाही.